शिळ्या पावाचे कालवण

गेल्या आगमनकाळात घरभेटीसाठी फिरत असता आम्ही एका सायंकाळी बडोद्यातील एका चाळीवजा वस्तीत गेलो होतो. बडोदे हे शहर सरकारदरबारी आता वडोदरा झाले असले, तरी आपल्या लोकांच्या तोंडी ते अजून बडोदेच आहे. घर नगर जिल्ह्यातून कामधंद्यासाठी येथे येऊन स्थायिक झालेल्या एका कुटुंबाचे. आम्ही उंबऱ्याशी उभे राहतो न राहतो तोच घरच्या बाईंनी चुलीजवळच्या पातेल्यावर घाईघाईने ताट झाकले आणि ते पातेले पायाने मागे सारले. लसणीच्या फोडणीचा वास मात्र झाकता येण्यासारखा नव्हता.

"काय शिजतंय मावशी?" आम्ही सहज विचारले.

"काही नाही फादर. पोरांसाठी उगा आपलं काहीतरी."

पण पोरे ती पोरेच! धाकट्याने पुढे होऊन ताट उचलले आणि मोठ्या अभिमानाने जाहीर केले, "फादर, पावाचा कुस्करा! कालच्या उसळीत!" त्या माउलीचा चेहरा असा काही उतरला, की जणू तिची चोरीच पकडली गेली. घरात दोन दिवसांचे शिळे पाव होते, आदल्या दिवशीची चवळीची उसळ होती, त्यात थोडी कोबीची भाजी उरली होती. तिने ते सारे पाणी घालून एकत्र उकळले होते. तिच्या लेखी ही दारिद्र्याची खूण होती आणि धर्मगुरूंच्या दृष्टीस ती पडू नये अशी तिची इच्छा होती.

आम्ही तिला म्हणालो, "मावशी, हे तर तुम्ही इटलीतले प्रसिद्ध कालवण केलेत." तिला वाटले आम्ही थट्टा करतो. आम्ही थट्टा करीत नव्हतो; परंतु त्या वेळी ते पटवून देण्याइतकी माहितीही आमच्यापाशी नव्हती. ती मिळवावी आणि तो पदार्थ एकदा स्वतः करून पाहावा असे मनाने घेतले, त्याची ही हकीकत आहे.

इटलीच्या मध्यभागी तोस्काना नावाचा प्रांत आहे. फ्लॉरेन्स आणि सिएना ही नगरे त्यातलीच. सिएनाच्या संत कॅथरीनमुळे दुसरे नाव आपल्या वाचकांस परिचित आहे. या प्रांतातील लोकांना इटलीतील इतर लोक चेष्टेने 'घेवडेखाऊ' म्हणतात, इतके द्विदल धान्याचे त्यांस वेड आहे. त्यांच्या शेतकरी घरांतून पालेभाज्या, पांढरा घेवडा आणि शिळा पाव यांचे एक दाट कालवण होत आले आहे. पहिल्या दिवशी ते नुसते 'पावाचे कालवण' असते. उरलेले दुसऱ्या दिवशी पुन्हा विस्तवावर चढले, की त्याचे नाव बदलते. मग ते 'रिबोल्लिता' होते. या शब्दाचा अर्थ फक्त 'पुन्हा उकळलेली' एवढाच आहे. नाव ठेवतानासुद्धा त्या लोकांनी काही लपविले नाही, हे आम्हांला फार आवडले.

शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून त्या दिवशी या कालवणाचे मोठे भांडे चढवायचे आणि शनिवारी, रविवारी तेच पुन्हा पुन्हा उकळून खायचे, अशी तेथील खेड्यांतील रीत सांगतात. पेल्लेग्रिनो आर्तुझी नावाच्या फ्लॉरेन्सवासी रेशीमव्यापाऱ्याने १८९१ साली स्वतःच्या खर्चाने एक पाकशास्त्राचे पुस्तक छापले. इटलीच्या घरोघरी ते अजून वापरात आहे. त्यात 'शेतकरी पद्धतीचे बिनमांसाचे तोस्कानी सूप' या नावाने याच जातीचा पदार्थ दिला आहे. प्रमाण असे: ३०० ग्रॅम पांढऱ्या घेवड्यास ४०० ग्रॅम शिळा पाव. म्हणजे पाव हा चवीपुरता सोबती नाही, अर्धा पदार्थ तोच आहे. गंमत एवढीच, की 'बिनमांसाचे' म्हणून पुढे गृहस्थ डुकराच्या कातडीच्या काही पट्ट्याही घालावयास सांगतात! त्या शुक्रवारचे काय झाले असेल, देव जाणे.

आमचे एक गुरुबंधू रोममध्ये शिकत असताना सुटीत तोस्कानातील एका खेड्यात राहिले होते. त्यांना आम्ही फोन केला. ते म्हणाले, "कृती सांगेन, पण तिकडची काळी कोबी तुम्हांला मिळायची नाही, आणि तिच्यावाचून रिबोल्लिता नाही." ही काळी कोबी म्हणजे गड्डा न धरणारी, लांब, सुरकुतलेल्या, गर्द हिरव्या पानांची एक जात. आम्ही निराश झालो खरे. पण दुसऱ्याच दिवशी खंडेराव मार्केटात त्याचे उत्तर सापडले.

खंडेराव मार्केट बडोद्यास गेलेल्यांनी पाहिले असेलच. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बांधविलेली ती भव्य इमारत, आणि तेथेच भरणारा भाजीबाजार. (नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातला हा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर आला. भाकरीची चव त्यांस ठाऊक होती, हे सांगणे न लगे.) थंडीचे दिवस होते. फ्लॉवरचे ढीग लागले होते आणि भाजीवाली प्रत्येक गड्ड्याभोवतीची हिरवी पाने मोडून बाजूला टाकीत होती. त्या पानांवर एक गाय शांतपणे चरत होती. फ्लॉवर, कोबी, नवलकोल आणि ती इटालियन काळी कोबी ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच झाडाची भावंडे आहेत. माणसाने कुणाचा गड्डा वाढविला, कुणाचे फूल, कुणाचा कांडा, तर कुणाची पाने. मग फ्लॉवरची व नवलकोलची कोवळी पाने काळ्या कोबीच्या जागी का चालू नयेत? आम्ही भाजीवालीस विचारले, तर ती म्हणाली, "लई जाओ ने बापू, ए तो गायनुं छे." गायीच्या वाट्यातून आम्ही पिशवीभर पाने घेऊन आलो. गायीने तक्रार केली नाही.

तक्रार केली ती आमच्या स्वयंपाकीणबाईंनी. त्यांनी पिशवी उघडून पाहिली, शिळ्या पावाची चवड पाहिली, आणि कमरेवर हात ठेवून विचारले, "फादर, उद्या सिस्टर लोक जेवायला येणार, आणि त्यांना शिळं वाढायचं? माझ्या हातून नाही व्हायचं." शिळे हा आपल्याकडे निव्वळ वेळेचा प्रश्न नाही, तो मानाचा प्रश्न आहे. पाहुण्याला ताजे आणि घरच्याला उरलेले, हा आमच्या आयाबहिणींनी पिढ्यान्पिढ्या पाळलेला नियम. आणि बहुतेक घरांत 'घरचा' म्हणजे सर्वांत शेवटी जेवणारी ती स्वतःच. बाईंचे म्हणणे आम्ही ऐकून घेतले आणि पहिला प्रयोग आमच्या स्वतःच्या ताटापुरताच करावयाचे ठरले.

तो पहिला प्रयोग साफ फसला, हे कबूल केले पाहिजे. घरातील पाव पुरेना म्हणून आम्ही दुकानातून कागदात गुंडाळलेला कापलेला पाव आणविला आणि तो ताजाच घातला. पाच मिनिटांत त्याची खळ झाली. आकाशकंदील चिकटवायला ती छान उपयोगी पडली असती. शिवाय त्या पावातली साखर कालवणात उतरली. स्वयंपाकीणबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचे न बोलणे फार बोलके असते.

यातून एक गोष्ट मात्र समजली. पाव शिळा होणे म्हणजे केवळ वाळणे नव्हे. भाजताना पिठातील पिष्ट पाणी पिऊन फुगते; पुढे दिवस जातो तसतसे ते पुन्हा घट्ट, कणीदार होऊ लागते, म्हणून पाव कडक लागतो. असा कडक पाव कालवणात टाकला, की तो रस शोषून घेतो, फुगतो, पण विरघळून जात नाही. ताज्याला ते साधत नाही. म्हणजे शिळेपणा ही येथे उणीव नसून तीच या पदार्थाची गरज आहे. (फ्रिजमध्ये ठेवलेला पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो, हेही जाता जाता सांगून ठेवतो. ज्यांना पाव मऊ हवा त्यांनी तो फ्रिजमध्ये ठेवू नये.) बेकरीचा साधा, बिनसाखरेचा पाव किंवा कडक ब्रून पाव सर्वांत उत्तम. तोस्कानातील पावात तर मीठही नसते.

बाजरीचा रोटला कुस्करून घातला तर? तेही करून पाहिले. बाजरी-ज्वारीत गव्हासारखे चिवट द्रव्य नसल्याने तुकडे राहत नाहीत, सारे विरून घाट्यासारखे होते. चवीला वाईट नाही. पण तो वेगळा पदार्थ झाला.

आता कृती. सहा-सात माणसांच्या जेवणासाठी पाव किलो चवळी रात्री भरपूर पाण्यात भिजत घालावी. तिकडे पांढरा घेवडा वापरतात, आणि तो अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात युरोपात आला. त्यापूर्वी तेथील शेतकरी चवळीच खात, तेव्हा आपण चवळी घेतली तर काही बिघडत नाही, उलट जुन्या वाटेनेच गेल्यासारखे होते. कुणी राजमा घेतला तर त्याचे भिजवलेले पाणी फेकून द्यावे आणि नव्या पाण्यात तो खळखळ उकळून पूर्ण शिजवावा. अर्धाकच्चा राजमा पोटाला खरोखर अपाय करतो. सकाळी चवळी चार लसूणपाकळ्या घालून मऊ शिजवावी आणि शिजवलेले पाणी टाकू नये. निम्मी चवळी त्याच पाण्यात घोटावी, निम्मी अख्खी ठेवावी. कालवणाला दाटपणा येतो तो या घोटलेल्या चवळीमुळे, पिठामुळे नव्हे.

मग मोठ्या पातेल्यात चार-पाच चमचे तेल घेऊन दोन कांदे, दोन गाजरे आणि मूठभर कोथिंबिरीचे देठ बारीक चिरून परतावे. येथे आमच्या भगिनींनी थोडा धीर धरावा. आपल्याला मोहरी तडतडली, हळद पडली, की पुढे जाण्याची सवय. येथे मोहरी नाही, हळद नाही, आणि आच मंद. निदान पंधरा मिनिटे तरी कांदा लाल न होता गळून गोड झाला पाहिजे. साऱ्या पदार्थाची चव या पंधरा मिनिटांत ठरते. पुढे दोन टोमॅटो, दोन बटाट्यांच्या फोडी, एक सुकी लाल मिरची, आणि पाव चमचा चुरडलेला ओवा घालावा. ओवा का? तिकडे 'थाइम' नावाची रानपाल्याची जात घालतात. तिला जो वास असतो तो ज्या द्रव्याचा, तेच द्रव्य आपल्या ओव्यात असते. अंगणात ओव्याच्या पानांचे झाड असेल तर दोन पाने पुरेत.

फ्लॉवरच्या व नवलकोलच्या पानांच्या जाड शिरा काढून पाने बारीक चिरावीत. अर्धा कोबी आणि पालकाची एक जुडीही चिरून घ्यावी. पालेभाजी आपल्याला वाटते त्याच्या दुप्पट घ्यावी, कारण ती बसते. ही सारी भाजी पातेल्यात घालून, झाकण ठेवून दबू द्यावी, मग घोटलेली व अख्खी चवळी, मीठ, आणि लागेल तसे पाणी, एकूण दीड-दोन लिटर, घालून पाऊण तास मंद शिजवावी. घाई केल्यास पानांचा कडवट उग्रपणा राहतो.

शेवटी पाव. सुमारे तीनशे ग्रॅम शिळ्या पावाचे बोटभर जाडीचे काप दुसऱ्या रुंद भांड्यात एक थर अंथरावेत, त्यावर कालवणाचा थर, पुन्हा पाव, पुन्हा कालवण. झाकून अर्धा तास तसेच राहू द्यावे. हे पहिल्या दिवसाचे पावाचे कालवण; खावेसे वाटले तर आताच खावे. खरी रिबोल्लिता हवी असेल तर दुसऱ्या दिवशी हवे तेवढेच दुसऱ्या भांड्यात काढून, थोडे पाणी शिंपडून, तळाला न लागू देता सर्वत्र वाफ येईपर्यंत उकळावे. चमचा उभा राहील इतके ते दाट होते. वर बारीक चिरलेला कच्चा कांदा आणि कच्च्या तेलाची धार.

तिकडे ती धार ऑलिव्हच्या तेलाची असते. आपल्या खेड्यातील घरांना ते तेल परवडत नाही आणि त्यावाचून अडतही नाही. बडोद्यात खिचूवर कच्चे शेंगदाण्याचे तेल ओतून खातात. आपल्याकडेही पिठल्यावर कच्चे तेल घेतातच. घाण्याच्या शेंगदाणा तेलाची चव वेगळी येते, पण ती बरी येते.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगावयास हवी. शिळे निराळे आणि बिघडलेले निराळे. पावावर हिरवा-काळा बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढा भाग काढून उरलेला वापरू नये. मऊ पावात बुरशी दिसते त्यापेक्षा खोलवर गेलेली असते. तो पाव टाकावा, त्यात पाप नाही. पावसाळ्यात पाव उन्हात किंवा तव्यावर खडखडीत वाळवूनच डब्यात ठेवावा. तसेच तोस्कानातील हिवाळ्यात भांडे रात्रभर बाहेर राहू शकते, बडोद्याच्या मे महिन्यात नाही. दोन तासांच्या आत निववून ते फ्रिजमध्ये गेले पाहिजे. ज्यांच्या घरी फ्रिज नाही त्यांनी पहिल्या दिवसाचेच कालवण करावे आणि त्याच जेवणात संपवावे. 'पुन्हा उकळलेली' या नावाच्या हौसेखातर लेकरांची पोटे बिघडवू नयेत.

हे सारे शिकत असताना आमच्या ध्यानात आले, की बडोदेकरांस या गोष्टीचे नवल वाटण्याचे कारणच नाही. येथील रस्तोरस्ती मिळणारी शेव-उसळ म्हणजे काय? वाटाण्याची पातळ उसळ, वर तरी, शेव, कांदा, आणि बरोबर पाव. उसळ हा शब्द गायकवाडांच्या राज्यात मराठी माणसांच्या तोंडून येथे रुळला, शेव गुजरातची, आणि पाव हा शब्द तर पोर्तुगीजांचा. त्यात पाव बुडवून खाणाऱ्या माणसाला तोस्कानाचा शेतकरी फार परका वाटू नये. शिळ्या पोळीचा कुस्करा मराठी घरांत आहे, वघारेली रोटली गुजराती घरांत आहे. फरक एवढाच, की त्यांच्याकडे तो पदार्थ खाणावळीच्या फळ्यावर नाव लिहून मिरवतो, आणि आपल्याकडे दारात पाहुणा दिसला की त्यावर ताट पडते.

उपवासकाळातल्या दुसऱ्या शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची भक्ती झाल्यावर चर्चच्या आवारात सर्वांसाठी हे कालवण करावयाचे ठरले. पाव घरोघरून मागविले. अट एकच, ताजा आणू नये. प्रथम कुणी पुढे येईना. मग सिस्टरांनी आपल्या मठातील तीन दिवसांचे पाव उघड्या टोपलीतून आणून टेबलावर मांडले, तेव्हा इतरांच्या पिशव्यांची तोंडे सुटली. स्वयंपाकीणबाईंनी 'माझ्या हातून नाही व्हायचं' हे आपले वचन विसरून मोठ्या पातेल्याचा ताबा घेतला आणि आम्हांला पळीसुद्धा लावू दिली नाही.

ती नगरकडची मावशीही मुलांना घेऊन आली होती. तिने वाटी हातात घेतली, वास घेतला, एक घास खाल्ला, आणि बराच वेळ काही बोलली नाही. आम्ही जवळ जाऊन विचारले, "काय मावशी, जमलंय का?"

"जमलंय फादर," ती म्हणाली, "पण ओवा जरा जास्त झालाय. आणि लसूण कच्ची राहिलीय. माझ्याकडं लसूण आधी ठेचून तेलात घालते मी." मग शेजारच्या बाईंकडे वळून तिने आपल्या कुस्कऱ्याची सारी कृती, उसळीपासून कोबीपर्यंत, मोठ्या आवाजात सांगावयास सुरुवात केली, आणि आमच्या स्वयंपाकीणबाई हातातील पळी तशीच धरून ती ऐकू लागल्या.